आधी एप्सिलॉन, मग एन : बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

एस.वाय.बी.एस्सी.च्या पहिल्या इंटरनलमध्ये तिला रिअल ॲनालिसिसला २० पैकी ४ गुण पडले. त्याच आठवड्यात संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तिला २० पैकी १८ होते. आमच्याकडे गणित आणि संख्याशास्त्र या दोन विभागांमध्ये फक्त एक भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे ही मुलगी नापास होती आणि पलीकडे वर्गात पहिली.

मी गणित शिकवते. अशी तफावत दिसली की आम्ही शिक्षक बहुतेकदा एका वाक्यात विषय संपवतो : 'तिला थिअरी जमत नाही, प्रॅक्टिकल जमतं.' मीही तेच म्हणून मोकळी झाले होते. पुढच्या चार महिन्यांत जे घडलं त्यातून ते वाक्य किती पोकळ आहे ते मला कळलं, म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि महाविद्यालय देत नाही.

मुलगी आणि तिचा पेपर

सोलापूर जिल्ह्यातलं गाव, घरी पाच एकर जिरायत, सोयाबीन आणि तूर. दहावीपर्यंत सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण. इंजिनिअरिंगची फी झेपणार नव्हती, म्हणून बी.एस्सी. 'संख्याशास्त्र घेतलं की नोकरी लागते' असं कनिष्ठ महाविद्यालयातल्या एका सरांनी सांगितलं, म्हणून गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र. एफ.वाय.ला ती सहज पास झाली, कारण एफ.वाय.चं कॅल्क्युलस बरंचसं हिशेबाचंच असतं. डेरिव्हेटिव्ह काढा, इंटिग्रेशन करा, मॅक्सिमा-मिनिमा शोधा. बारावीत घटवलेला हात तिथे उपयोगी पडतो.

एस.वाय.ला रिअल ॲनालिसिसमध्ये क्रमिका (ओळीने येणाऱ्या संख्या) आणि त्यांच्या सीमा (ज्या संख्येकडे त्या सरकत जातात ती) सुरू झाल्या, आणि त्या हाताचा उपयोग संपला.

तिचा पेपर मी जपून ठेवला आहे. पहिला प्रश्न व्याख्येचा होता. तिने लिहिलेली व्याख्या पुस्तकातल्यासारखी होती, स्वल्पविरामासकट : प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी (म्हणजे कितीही लहान धन संख्येसाठी) असा एक नैसर्गिक एन (पदाचा क्रमांक) असतो, की त्याच्यापुढच्या सगळ्या पदांचं सीमेपासूनचं अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी असतं. पूर्ण गुण. दुसरा प्रश्न : क्रमिकेचं एनवं पद 'तीन एन अधिक एक, भागिले एन अधिक दोन' असं आहे, तर तिची सीमा ३ आहे हे सिद्ध करा. इथे तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'एन बरोबर १०० घेऊ.' मग हिशेब करून दाखवला होता की शंभराव्या पदानंतर ३ पासूनचं अंतर ०.०५ पेक्षा कमी राहतं. हिशेब अचूक होता. खाली निष्कर्ष : 'म्हणून प्रत्येक एप्सिलॉनसाठी हे खरं आहे.'

तिसरा प्रश्न एका थिअरमच्या प्रूफचा. प्रूफ पाठ होतं. मधली एक ओळ गळली होती आणि पुढच्या ओळी जशाच्या तशा आल्या होत्या, जणू काही गळलंच नाही. गळलेली ओळ होती ती नेमकी एन निवडण्याची.

व्याख्या तोंडपाठ, आणि दोनच इंचांवर त्याच व्याख्येच्या उलट काम. हे मी दरवर्षी पाहते. तोवर मी त्याला निष्काळजीपणा म्हणत होते.

मी आधी काय केलं आणि ते का फसलं

मी तिला त्याच प्रकारची २० गणितं दिली. चार दिवसांत सगळी सोडवून आणली, समास आखून, स्वच्छ अक्षरात. मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यातल्या छोट्या चाचणीत मी 'एक भागिले एनचं वर्गमूळ' ही क्रमिका दिली. तिची सीमा शून्य. या मुलीने पहिल्या ओळीत लिहिलं : 'एन हा ५ भागिले एप्सिलॉनपेक्षा मोठा घेऊ.'

हे ५ आलं कुठून? तर आधीच्या वीसपैकी बऱ्याच गणितांची उत्तरं अशीच आली होती. तिने 'प्रकार' ओळखला होता. बारावीच्या क्लासमध्ये हेच शिकवतात : गणित बघा, प्रकार ओळखा, पहिली ओळ लिहा. पण इथे एप्सिलॉन ०.०१ धरला तर तिचा एन ५०० होतो, आणि पाचशेवं पद अजून ०.०४४ च्या आसपास असतं. ०.०१ च्या आत जायला दहा हजारांच्या पुढे जावं लागतं. मी २० गणितं देऊन तिच्या चुकीला आणखी एक चाकोरी आखून दिली होती.

मी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "कुठे अडतं?" ती म्हणाली, "मॅडम, मला येतंय. वाचलं की सगळं कळतंय. लिहायला घेतलं की पहिली ओळ कुठली टाकायची तेच कळेना."

मग मी तिला एका कागदावर आठवड्याचा अभ्यास लिहून द्यायला सांगितलं. पहाटे ५ ते ७ होस्टेलच्या खोलीत. रात्री ९ ते ११ अभ्यासिकेत. रविवारी दुपारभर. तासांच्या बाबतीत वर्गात तिच्याइतके कष्ट करणारं फारसं कोणी नव्हतं. पण अभ्यासिका म्हणजे काय, ते आपल्याकडच्या कुठल्याही शहरात राहिलेल्याला माहीत आहे. लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, दारावर 'शांतता राखा'. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली मान खाली घालून वाचत असतात. तिथे ती प्रत्येक प्रूफ दहा-दहा वेळा लिहून काढायची.

मी विचारलं, "यातलं तू कोणाशी काय बोलतेस?" तिला प्रश्नच कळला नाही. अख्ख्या सत्रात तिने गणिताचं एकही वाक्य मोठ्याने उच्चारलं नव्हतं. वर्गात मी बोलत होते, आणि बाकी सगळीकडे शांतता होती.

बर्कलीतली एक जुनी नोंद

मला तेव्हा गणित-शिक्षणाचे अभ्यासक यूरी ट्रीझमन यांचं काम आठवलं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. प्राध्यापकांना कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली : जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, परिस्थिती नाही. ट्रीझमन यांनी ही उत्तरं गृहीत धरली नाहीत. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी घेऊन ते प्रत्यक्ष कसा अभ्यास करतात ते जवळ राहून, महिनोन्महिने पाहिलं. आधीचं एकही कारण टिकलं नाही. फरक दिसला तो वेगळाच. चिनी वंशाची मुलं आधी एकटी बसायची आणि मग संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासायची, एकमेकांना प्रश्न विचारायची. कृष्णवर्णीय मुलांमधली १८ जणं पूर्ण एकटी अभ्यास करत होती. आठवड्याला ८ तास, विद्यापीठाने सांगितलेले तेवढेच, मन लावून, एकटी.

ट्रीझमन यांनी पुढे काय केलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी जादा तास किंवा सोपी गणितं दिली नाहीत. या मुलांना गटात बसवून नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. नापासांचा वर्ग असा शिक्का त्यावर नव्हता, आणि निकाल खूप सुधारले.

माझ्या या विद्यार्थिनीची परिस्थिती वेगळी आहे, वर्ण-वंशाचा तो इतिहास इथे नाही, आणि मला ओढूनताणून साम्य जोडायचं नाही. पण 'मन लावून, एकटी' हे शब्द माझ्या टेबलावरच्या त्या वेळापत्रकाला तंतोतंत लागू होते.

तरीही एक गोष्ट सुटत नव्हती. संख्याशास्त्रात १८ कसे? तिथेही ती एकटीच असेल ना?

भिंतीपलीकडे

संख्याशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, गुरुवारी बॅच आहे. येऊन बसा."

गेले. मागच्या बाकावर बसले. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल होतं नमुन्याचा आकार ठरवण्याचं. तिथे मुलं जोडीने काम करतात, कारण कॉम्प्युटर कमी आहेत. केवळ त्या टंचाईपायी ही मुलगी आठवड्यातून दोन तास कोणाशी तरी विषयाबद्दल बोलत होती.

तिच्या जोडीदारणीने जर्नल उघडून विचारलं, "सूत्रात काय काय टाकायचं?"

"थांब. आधी सांग, चूक किती चालेल?"

"म्हणजे?"

"अगं, पीक कापणी प्रयोग माहितीये ना? विम्याला करतात तो. महसूल मंडळातल्या सोयाबीनची खरी सरासरी कोणालाच माहीत नसते. थोडे तुकडे कापायचे, मळायचे, वजन करायचं आणि त्यावरून सांगायचं. आता हेक्टरी एक क्विंटल इकडेतिकडे झालं तर चालेल का अर्धाच? ते तू ठरव. ते कळल्याशिवाय किती तुकडे कापायचे ते मी कसं सांगू?"

"बरं, एक क्विंटल."

"खात्री किती पाहिजे?"

"पंच्याण्णव टक्के."

जर्नलमध्ये प्रमाण विचलन (उत्पन्न सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे असतं ते) हेक्टरी ४ क्विंटल दिलं होतं. तिने १.९६ ला (पंच्याण्णव टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) ४ ने गुणलं, १ ने भागलं, वर्ग केला. ६१.४७. "म्हणजे ६२ तुकडे. आता अर्धा क्विंटल म्हण." पुन्हा हिशेब : २४६. "बघ. चूक निम्मी मागितलीस की तुकडे चौपट. आमचे अण्णा म्हणतात, मंडळात अजून तुकडे कापले असते तर आमचं उत्पन्न बरोबर धरलं गेलं असतं. अजून म्हणजे किती अजून, ते आता कळलं."

सोयाबीनवाल्या घरातली मुलगी आहे. मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे विम्यासाठी आधी ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेलं की भरपाई मिळते, हे तिने घरी ओट्यावर ऐकलेलं आहे. गट नंबर चिठ्ठीसारखा निघतो, शेतात दोरी लावून तुकडा आखतात, तलाठी किंवा कृषी सहाय्यक समोर उभे असतात, हे तिने पाहिलेलं आहे. (पीक कापणीच्या या नमुना पद्धतीला १९४० च्या दशकात शास्त्रीय बैठक देणाऱ्यांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रणी होते. आमच्या मुलांना हे नाव माहीत नसतं, याची मला फार खंत वाटते.)

मी मागच्या बाकावर बसून तिचं एकच वाक्य वहीत उतरवून घेतलं : 'आधी सांग, चूक किती चालेल. मग मी सांगते किती तुकडे कापायचे.'

सीमेची व्याख्या हीच आहे. आधी एप्सिलॉन, मग एन. चूक किती चालेल ते समोरचा ठरवणार, आणि किती पुढे जायचं ते मी त्यावरून ठरवणार. जे ती माझ्या पेपरात चुकत होती तेच ती इथे मैत्रिणीला शिकवत होती. व्याख्या तिला येतच होती. ती व्याख्या म्हणजे दोन माणसांमधलं बोलणं आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी २२ वर्षं ती व्याख्या फळ्यावर एका दमात लिहीत आले, जणू ती एकाच माणसाने म्हणायची असते.

फळ्यासमोर

दुसऱ्या दिवशी तिला रिकाम्या वर्गात नेलं. जुनंच गणित लिहिलं, सीमा ३ वालं. म्हटलं, "सूत्र नाही, व्याख्या नाही. मी गिऱ्हाईक. मला ३ पासूनचं अंतर ०.०१ च्या आत पाहिजे. कितव्या पदानंतर देशील?"

तिने वजाबाकी केली. अंतर निघालं ५ भागिले 'एन अधिक २'. थोडा वेळ गेला. "४९८ च्या पुढे, मॅडम."

"०.००१ च्या आत?"

"४९९८ च्या पुढे."

"०.००००१?"

ती खडू धरून थांबली. मग म्हणाली, "असं किती वेळ मागणार तुम्ही?"

"माझी इच्छा असेल तोवर."

"मग मी एकदाच लिहून देते. तुम्ही काहीही मागा, ५ भागिले ते, वजा २. त्याच्यापुढचं कुठलंही पद घ्या."

ते तिने लिहिलं, आणि 'ते' च्या जागी स्वतःच एप्सिलॉन टाकला. मी तिचा जुना पेपर पुढे ठेवला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ गप्प राहिली. "मी गिऱ्हाईक यायच्या आधीच माल बांधून ठेवला, मॅडम. शंभर. कोणी ०.००१ मागितलं असतं तर पुरला नसता."

मला तिथे थांबता आलं असतं. पण मी आणखी एक विचारलं : "समज, असा एकच एन खरोखर सापडला, की तो प्रत्येक एप्सिलॉनला पुरतो. तर ती क्रमिका कशी असेल?" याला पूर्ण दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : त्या एनच्या पुढची सगळी पदं सीमेएवढीच असली पाहिजेत, तंतोतंत. कारण अंतर प्रत्येक धन संख्येपेक्षा लहान असेल तर ते शून्यच. म्हणजे शब्दांचा क्रम बदलला की व्याख्या थोडीशी बिघडते असं नाही, ती वेगळ्याच, फार थोड्या क्रमिकांची व्याख्या होते.

चौघांचा गट

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता चौघं बसू लागले. ती, तिची प्रॅक्टिकलची जोडीदारीण, आणखी एक मुलगी आणि एक मुलगा. गणितं मी द्यायची, पेपरात येतात त्यापेक्षा अवघड. एकाने एप्सिलॉन मागायचा, दुसऱ्याने एन द्यायचा, तिसऱ्याने आक्षेप घ्यायचा. वही शेवटच्या १५ मिनिटांत उघडायची. बोलायचं मराठीत, लिहायचं इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत असतो. हे भाषांतर ती मुलं स्वतः करत होती आणि त्यात त्यांचा बराच वेळ जायचा. तो वेळ वाया गेला असं मी मुळीच म्हणणार नाही.

शब्दांच्या क्रमाला सर्वांत चांगलं उदाहरण दिलं ते जोडीदारणीने. एका शुक्रवारी ती म्हणाली, "होस्टेलच्या प्रत्येक खोलीला किल्ली आहे, हे खरं. पण अशी एक किल्ली आहे की ती प्रत्येक खोलीला लागते, हे खोटं. तशी किल्ली रेक्टर मॅडमकडेसुद्धा नाही." त्या दिवसापासून गटात कोणी एन आधी ठरवला की बाकीचे एवढंच म्हणायचे : "एकच किल्ली?"

मी त्यांना सांगितलं की ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही. पॅरिसमध्ये शिकवताना फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी १८२१ च्या पुस्तकात सीमेच्या कल्पनेवर ॲनालिसिसचा पाया नव्याने घातला. त्याच पुस्तकात त्यांनी असंही लिहिलं, की सतत फलांच्या (ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा) अभिसारी श्रेणीची, म्हणजे जिची बेरीज एका सीमेकडे जाते अशा श्रेणीची, बेरीज सततच असते. १८२६ मध्ये नॉर्वेचे गणितज्ञ आबेल यांनी दाखवून दिलं की याला अपवाद आहेत. घोटाळा हाच होता : प्रत्येक बिंदूला आपापला एन आहे, की सगळ्या बिंदूंना मिळून एकच एन आहे? तो गुंता नीट सुटायला १८४० चं दशक उजाडलं. जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास यांच्या हाताखाली आजची काटेकोर भाषा रूढ व्हायला आणखी काही वर्षं. मुलगा म्हणाला, "म्हणजे मोठ्या माणसांनाही वीस-पंचवीस वर्षं लागली." त्याच्या आवाजात जो सुटकेचा भाव होता तो मी विसरणार नाही.

तो मुलगा चौथ्या आठवड्यापासून आला नाही. संध्याकाळी पार्सल पोचवण्याचं काम त्याने धरलं होतं, खोलीचं भाडं द्यायचं होतं. मी त्याला सकाळची वेळ सुचवली, पण सकाळी लेक्चर असतात. हे या प्रकरणातलं अपयश आहे आणि ते तसंच नोंदवते. गटात बसायला संध्याकाळ मोकळी लागते, आणि ती सगळ्यांकडे नसते.

दुसरीकडे, संख्याशास्त्रातून उलट वाहतूकही सुरू झाली. एका मंगळवारी तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे गिऱ्हाईक एकच गोष्ट मागतं. आमच्याकडे दोन मागतं. चूक किती चालेल, आणि खात्री किती पाहिजे. ६२ तुकडे कापले तरी शंभरातल्या पाच वेळा आपण एक क्विंटलपेक्षा जास्त चुकणारच. तुमचं ४९८ मात्र कधीच चुकत नाही." संभाव्यतेतलं अभिसरण (सीमेकडे सरकणं, पण काही एका खात्रीनेच) आणि साधं अभिसरण यातला फरक याहून स्वच्छ मला सांगता आला नसता. पुस्तकात तो टी.वाय.ला येतो.

ज्या कोल्हापूरकर व. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग सुरू केला, त्यांचं १९४८ मधलं गाजलेलं संशोधन याच प्रश्नाशी भिडतं : नमुना मोठा होत जाईल तसा आपला अंदाज खऱ्या किमतीकडे खात्रीने सरकतो का, आणि असा अंदाज एकच असतो का? रिअल ॲनालिसिस आल्याशिवाय त्या प्रश्नाला हात घालता येत नाही. आणि तुकडे मोजण्याची गरज भासल्याशिवाय तो प्रश्न सुचत नाही. आमच्या वेळापत्रकात मात्र एक विषय सकाळी ८ ला असतो, दुसरा दुपारी २ ला, आणि दोन्ही शिकवणारे एकमेकांचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं उघडून पाहत नाहीत. यंदा आम्ही दोघांनी तो पहिल्यांदा शेजारी ठेवून वाचला.

कुठवर आलं

दुसऱ्या इंटरनलला तिला १३ मिळाले. सत्रान्त परीक्षेत ती पास झाली, चमकदार नाही. 'एन बरोबर १००' पुन्हा आलं नाही. पण विरोधाभासाने (उलट विधान खरं धरून, त्यातून विसंगती दाखवून) सिद्ध करायचं असेल तर ती अजून अडखळते. विधानाचा नकार लिहायचा झाला की क्रम पुन्हा सैल होतो. इंग्रजीत सलग चार वाक्यं लिहायची तर तिला अजून घाम फुटतो. पाठ करणंही सुटलेलं नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री ती अजून प्रूफं लिहून काढते. त्यात मला आता वावगं वाटत नाही. आधी बोललेलं असेल तर पाठ केलेलंही उपयोगी पडतं.

गटामुळेच सुधारणा झाली असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एकच मुलगी आहे, तुलनेला दुसरं कोणी नाही, आणि मी तिच्याकडे जे लक्ष दिलं ते वर्गातल्या बाकी ६० जणांना दिलेलं नाही. हे तिनेच मला ऐकवलं, संख्याशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून. तिचं बरोबर आहे. पुढच्या वर्षी ॲनालिसिसच्या चार तासांतला एक तास चौघाचौघांच्या टोळक्यांत बसवायचा मी विभागात प्रस्ताव दिला आहे. तो तास दिवसा, वेळापत्रकातच असेल, म्हणजे संध्याकाळी काम करणारा मुलगाही त्यात असेल. अभ्यासक्रम मागे पडेल अशी सहकाऱ्यांची भीती आहे. तीही खोटी नाही. एक प्रकरण मी गाळणार आहे आणि कुठलं ते अजून ठरलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी फलांचं सातत्य शिकवत होते. एप्सिलॉन दिला, बिंदू दिला, मग डेल्टा काढला, म्हणजे फलाची किंमत एप्सिलॉनच्या आत राहायला त्या बिंदूच्या किती जवळ राहावं लागतं ते अंतर. फल एक्सचा वर्ग. बिंदू १ ला एक डेल्टा निघाला, बिंदू १० ला त्याहून बराच लहान. तास संपायला पाच मिनिटं होती. तिसऱ्या बाकावरून तिने हात वर केला.

"मॅडम, इथे बिंदू आधी दिलाय आणि मग डेल्टा काढलाय. म्हणजे प्रत्येक खोलीची आपापली किल्ली. सगळ्या बिंदूंना लागेल असा एकच डेल्टा कधी मिळतो का?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात पुढच्या घटकात येतो. मी खडू तिच्या हातात दिला, शून्य ते एक एवढंच अंतर फळ्यावर आखलं आणि तिच्या जोडीदारणीला म्हटलं, "तू एप्सिलॉन माग."